फॅरनहाइटचं सेल्सिअस करताना ३२ कधी वजा करायचे आणि कधी नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तुमच्याकडे नमुने सुकवायचा एक ओव्हन आहे आणि त्याच्या पुस्तिकेत सगळी तापमानं फॅरनहाइटमध्ये दिली आहेत. ओव्हन ३०२ अंशांवर ठेवा, १० अंश खालीवर चालतील, आणि तापवताना दर मिनिटाला ९ अंशांपेक्षा जास्त वाढू देऊ नका, असं त्यात लिहिलंय. तुम्ही शाळेत शिकलेलं सूत्र लावलं. ३०२ चे १५० अंश सेल्सिअस झाले, ते पटलं. पण त्याच सूत्राने ९ चे उणे १२.८ झाले आणि १० चे उणे १२.२. ‘तापवायला सांगितलंय आणि उत्तर उणे येतंय, मग सूत्र चुकलंय की मी?’ असं तुम्ही विचारलंय. शिवाय तोंडी हिशोबाची एखादी पद्धत आणि दशांश किती ठेवायचे, हेही.

सूत्र बरोबर आहे. तुमची आकडेमोडही बरोबर आहे. चुकलंय ते इतकंच की जिथे ते सूत्र लागूच होत नाही तिथे ते लावलं गेलं. मी गेली २२ वर्षं थर्मामीटर, सेन्सर आणि कंट्रोलर (तापमान ठरवलेल्या आकड्यावर राखणारं उपकरण) यांचं कॅलिब्रेशन करते, म्हणजे ती बरोबर दाखवतात का ते तपासते. या कामात मी ज्या चुका पाहिल्या त्यांत गुणाकार-भागाकाराच्या फार थोड्या होत्या. बहुतेक चुका याच जातीच्या होत्या, आणि त्या करणारे लोक हुशार होते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फॅरनहाइटमध्ये लिहिलेला आकडा दोन प्रकारचा असू शकतो. एक म्हणजे तापमान, मोजपट्टीवरची एक जागा: ‘ओव्हन ३०२ अंशांवर आहे.’ दुसरा म्हणजे फरक, दोन जागांमधलं अंतर: ‘तापमान ९ अंशांनी वाढलं.’ लिहिताना दोन्हींना आपण ‘अंश’च म्हणतो, चिन्हही तेच वापरतो, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

असं समजा की एका लांब रस्त्याच्या डाव्या कडेला मैलाचे दगड आहेत आणि उजव्या कडेला किलोमीटरचे. मैल मोजायला एका गावापासून सुरुवात केली आहे, किलोमीटर मात्र त्याच्या बरंच मागच्या दुसऱ्या गावापासून. आता ‘मैलाच्या २० क्रमांकाच्या दगडासमोर किलोमीटरचा कितवा दगड येईल?’ असं विचारलं तर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात: मैल आणि किलोमीटर यांची लांबी वेगळी आहे, आणि मोजणीची सुरुवातही वेगळ्या जागी आहे. पण ‘मी ५ मैल चाललो, म्हणजे किती किलोमीटर?’ असं विचारलं तर कुठलं गाव आधी आणि कुठलं नंतर याचा काही संबंध उरत नाही. लांबीचं गुणोत्तर तेवढं लागतं.

तापमानाचंही तसंच. प्रमाण वायुदाबाला पाणी सेल्सिअसच्या ० ला गोठतं आणि १०० ला उकळतं. फॅरनहाइटमध्ये हेच आकडे ३२ आणि २१२. म्हणजे जेवढ्या अंतराचे सेल्सिअसने १०० भाग केले तेवढ्याच अंतराचे फॅरनहाइटने १८० भाग केले. म्हणून फॅरनहाइटचा अंश लहान: सेल्सिअसच्या ५ अंशांत फॅरनहाइटचे ९ अंश मावतात. ३२ हा आकडा वेगळ्या कामाचा आहे. मोजणीची सुरुवात वेगळ्या जागी झाली, त्याची ती भरपाई आहे.

म्हणून तापमान बदलायचं असेल तर आधी ३२ वजा करायचे, मग ५ ने गुणून ९ ने भागायचं. उलट जाताना ९ ने गुणून ५ ने भागायचं आणि मग ३२ मिळवायचे. फरक बदलायचा असेल तर ३२ ला हातही लावायचा नाही, निव्वळ ५ ने गुणून ९ ने भागायचं. तुमचे दर मिनिटाला ९ अंश फॅरनहाइट म्हणजे दर मिनिटाला ५ अंश सेल्सिअस. १० अंशांची सूट म्हणजे साधारण ५.६ अंश.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, कागदावर करून बघा. ओव्हन ३०२ वरून ३११ वर गेला, म्हणजे ९ अंश फॅरनहाइटने चढला. ३०२ चे होतात १५०. ३११ मधून ३२ गेले की २७९, त्याला ५ ने गुणून ९ ने भागलं की १५५. एकशेपंचावन्नातून दीडशे गेले, राहिले ५. दोन्ही तापमानांतून ३२ वजा झाले होते, त्यामुळे त्यांची वजाबाकी करताना ते आपोआप नाहीसे झाले. कधी शंका आली की मी अजूनही हेच करते: फरकाची दोन्ही टोकं आधी बदलून घ्यायची आणि वजाबाकी शेवटी करायची. वेळ थोडा जास्त लागतो, पण चूक होत नाही.

आता तुमच्या उणे १२.८ कडे परत बघा. खरं उत्तर ५, तुमचं उत्तर उणे १२.८. दोन्हींमध्ये अंतर आहे १७.८ चं. हा १७.८ कुठून आला? ३२ ला ५ ने गुणून ९ ने भागलं की १७.८ च येतात. म्हणजे फरकाला चुकून पूर्ण सूत्र लावलं की उत्तर नेमकं १७.८ ने खाली घसरतं. सेल्सिअसचा फरक फॅरनहाइटमध्ये नेताना हीच चूक झाली तर उत्तर ३२ ने वर चढतं. हा या चुकीचा ठसा आहे आणि तो ओळखता आला तर दुसऱ्याच्या तक्त्यातली चूकही लांबून दिसते.

हे मी माझ्याच एका चुकीतून शिकले. कामाला लागून दोनेक वर्षं झाली असतील. काही थर्मामीटर तपासून त्यांची प्रमाणपत्रं करायची होती. ग्राहकाकडून आलेली जुनी नोंद फॅरनहाइटमध्ये होती आणि त्यांना नवी सेल्सिअसमध्ये हवी होती. तक्त्यात तीन रकाने होते: मास्टर थर्मामीटरचं (ज्याच्याशी तुलना करायची त्या खात्रीच्या थर्मामीटरचं) रीडिंग, तपासायच्या थर्मामीटरचं रीडिंग आणि दोन्हींमधली तफावत. मी पहिल्या रकान्यात सूत्र लिहिलं आणि तसंच उजवीकडे ओढत नेलं. पहिले दोन रकाने बरोबर झाले. तिसऱ्यात ०.९ चे उणे १७.३ झाले, ०.४ चे उणे १७.६, १.२ चे उणे १७.१. रकान्याची रुंदी कमी होती आणि मी पहिल्या दोनच रकान्यांवर नजर टाकून छापायला दिलं. सहीसाठी कागद वरिष्ठांकडे गेला. त्यांनी तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘हा थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात सतरा अंश कमी दाखवतो का?’ तो थर्मामीटर मी स्वतः आइस पॉइंटला तपासला होता. बर्फाच्या पाण्यात तो ३२.९ दाखवत होता, म्हणजे ०.९ अंश फॅरनहाइट जास्त, सेल्सिअसमध्ये अर्धा अंश. त्या दिवसापासून मी तफावतीच्या रकान्याचं शीर्षक ‘फरक’ असंच लिहिते, नुसतं अंशाचं चिन्ह टाकून सोडत नाही. तुम्हीही पुस्तिकेतल्या प्रत्येक आकड्यासमोर पेन्सिलीने ‘जागा’ किंवा ‘फरक’ असं लिहून काढा. रूपांतराला त्यानंतरच हात घाला.

कुठला आकडा जागा आणि कुठला फरक हे ओळखायला काही शब्द उपयोगी पडतात. ‘ने वाढवा’, ‘ने कमी करा’, ‘दर मिनिटाला’, ‘अधिक-उणे’, ‘सूट’, ‘तफावत’, ‘करेक्शन’, ‘यापेक्षा इतके अंश वर’ असं काही दिसलं की तो फरक. ‘वर ठेवा’, ‘पर्यंत’, ‘च्या खाली जाऊ नये’ असं असेल तर ती जागा. हवामानबदलाच्या बातम्यांत हे फार महत्त्वाचं ठरतं. २०१५ च्या पॅरिस करारात जागतिक सरासरी तापमानाची वाढ औद्योगिकीकरणापूर्वीच्या पातळीपेक्षा २ अंश सेल्सिअसच्या बरीच आत ठेवण्याचं आणि १.५ अंशांपर्यंत रोखण्याचे प्रयत्न करण्याचं उद्दिष्ट आहे. हे १.५ अंश म्हणजे २.७ अंश फॅरनहाइट. कुणी ते डोळे मिटून रूपांतराच्या ॲपमध्ये टाकलं तर ३४.७ असं उत्तर मिळेल आणि वाचणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकेल. ॲपचा दोष नाही. त्याला आपण जागा दिली की फरक, हे त्याला कळायला मार्गच नसतो.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती तुम्हालाच बघावी लागेल. काही पुस्तिकांमध्ये वाक्य इतकं तुटक असतं की नक्की कळत नाही. उदाहरणार्थ, ‘अलार्म: २०’. हा अलार्म २० अंशांवर वाजणार, की ठरवलेल्या तापमानाच्या २० अंश वर गेल्यावर? कंट्रोलरमध्ये दोन्ही प्रकारचे अलार्म असतात. तुमचा ओव्हन ३०२ वर चालत असेल तर २० अंशांवर वाजणारा अलार्म निरर्थक आहे, म्हणजे तो फरक असणार, असा अंदाज बांधता येतो. पण अंदाजावर न थांबता कंट्रोलरच्या मेनूत अलार्मचा प्रकार बघून घ्या.

कंट्रोलरचा विषय निघालाच आहे तर आणखी एक धोका सांगते, कारण तुमच्या बाबतीत तो होऊ शकतो. बऱ्याच कंट्रोलरमध्ये एकक बदलायची सोय असते. ती बदलली की समोरचं रीडिंग लगेच सेल्सिअसमध्ये दिसू लागतं आणि आपल्याला वाटतं काम झालं. पण आतल्या बाकीच्या सेटिंगचं काय होतं हे प्रत्येक कंट्रोलरवर वेगळं असतं. काहींमध्ये सगळं नीट बदलतं, काहींमध्ये आकडे तसेच राहतात. एका ओव्हनची तक्रार आली होती की पूर्वीपेक्षा तापमान जास्त झुलतंय. सेन्सर बदलून झाला होता, दाराचं रबर बदलून झालं होतं. मी मेनू उघडला तर हिस्टेरिसिस ४ होतं. हिस्टेरिसिस म्हणजे तापमान किती खाली आल्यावर हीटर पुन्हा चालू करायचा ते अंतर. पूर्वी ते ४ अंश फॅरनहाइट होतं, म्हणजे सेल्सिअसचे २.२. कुणीतरी एकक बदललं, ४ चे ४ च राहिले, आणि ते आता ४ अंश सेल्सिअस झाले. अंतर जवळजवळ दुप्पट. डिस्प्लेवरचा आकडा पूर्वीचाच, त्यामुळे काही बदललंय असा संशय कुणालाच आला नव्हता. म्हणून एकक बदलण्याआधी सगळी सेटिंग कागदावर उतरवून घ्या, बदलल्यावर एकेक ताडून बघा.

आता तोंडी हिशोबाकडे येते. सेल्सिअसवरून फॅरनहाइट काढायला एक पद्धत मला अतिशय आवडते, कारण ती सोपी असूनही अगदी अचूक आहे. सेल्सिअसची दुप्पट करा, त्या दुपटीचा दहावा भाग तिच्यातून काढून टाका, आणि ३२ मिळवा. ३७ ची दुप्पट ७४, त्याचा दहावा भाग ७.४, वजा केले की ६६.६, अधिक ३२ म्हणजे ९८.६. २५ ची दुप्पट ५०, वजा ५, झाले ४५, अधिक ३२ म्हणजे ७७. दुपटीतून दहावा भाग काढणं म्हणजेच १.८ ने गुणणं, म्हणून यात अंदाजाचा भाग मुळीच नाही.

उलट दिशेला इतकं सुटसुटीत जमत नाही, पण जवळपास पोचता येतं. ३२ वजा करा, अर्धे करा, त्यात त्या अर्ध्याचा दहावा भाग मिळवा, आणि शंभरावा भागही मिळवा. तुमच्या ३०२ चे २७०, अर्धे १३५, अधिक १३.५ म्हणजे १४८.५, अधिक १.३५ म्हणजे १४९.८५. खरं उत्तर १५०.

आणखी एक रीत आहे, ती ज्यांना ३२ आधी की नंतर हे आठवत नाही त्यांच्यासाठी. उणे ४० ला दोन्ही मोजपट्ट्या एकमेकींना भेटतात: उणे ४० अंश फॅरनहाइट आणि उणे ४० अंश सेल्सिअस हे एकच तापमान. म्हणून कुठल्याही दिशेला जाताना आधी ४० मिळवायचे, मग गुणोत्तर लावायचं, मग ४० वजा करायचे. ५० फॅरनहाइट: अधिक ४० म्हणजे ९०, पाचाने गुणून नवाने भागले की ५०, वजा ४० म्हणजे १०. उलट दिशेलाही पायऱ्या त्याच, फक्त ५ आणि ९ ची अदलाबदल. शिकवताना मी ही रीत आवर्जून दाखवते, कारण दोन मोजपट्ट्या कुठे जुळतात ते हिच्यात डोळ्यांपुढे राहतं.

एका पद्धतीपासून मात्र सांभाळा. ‘३० वजा करा आणि अर्धे करा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. बाहेर स्वेटर घालावा का, एवढंच ठरवायचं असेल तर तो चालतो. ५० अंश फॅरनहाइटला तो अचूक आहे, ८६ ला ३० ऐवजी २८ देतो, तेही ठीक. पण हाच सल्ला ताप बघायला वापरला तर काय होतं? थर्मामीटर १०४ दाखवतोय. तीस गेले ७४, अर्धे ३७. म्हणजे ताप नाही! खरं तर १०४ अंश फॅरनहाइट म्हणजे ४० अंश सेल्सिअस, चांगलाच चढलेला ताप. ५० च्या वर ही पद्धत नेहमी खऱ्यापेक्षा कमी दाखवते (५० च्या खाली जास्त), आणि ५० पासून जितकं लांब जाल तितकी जास्त चुकते. पाण्याच्या उत्कलनबिंदूला ती १०० ऐवजी ९१ देते. अंगाचा ताप, औषधांची साठवण, ओव्हन, यांच्यासाठी ती वापरू नका.

पडताळणीसाठी काही जोड्या पाठ असाव्यात. ०–३२, १०–५०, २०–६८, ३०–८६, ४०–१०४ : सेल्सिअस १० ने वाढला की फॅरनहाइट १८ ने वाढतो, म्हणून एक आठवली की पुढची सापडते. शून्याखाली उणे १० ला १४ आणि उणे २० ला उणे ४. ओव्हनवाल्यांसाठी सगळ्यात कामाची जोडी म्हणजे १६० आणि ३२०. इथे फॅरनहाइट बरोबर सेल्सिअसच्या दुप्पट असतो. त्याच्या खाली तो दुपटीपेक्षा जास्त, त्याच्या वर दुपटीपेक्षा कमी. तुमच्या ३०२ चे १५० आले. दीडशेची दुप्पट ३००, आणि ३०२ त्याहून किंचित जास्त. १६० च्या खाली असंच असायला हवं, म्हणजे उत्तर पटण्याजोगं आहे. ही तपासणी मी मनातल्या मनात करते आणि तिने मला कितीतरी वेळा वाचवलंय.

स्प्रेडशीटमध्ये करत असाल तर कंस विसरू नका. कंसाशिवाय लिहिलं तर संगणक आधी ३२ ला ५ ने गुणून ९ ने भागतो आणि मग वजाबाकी करतो, त्यामुळे २१२ चे १०० ऐवजी १९४.२ येतात. आणि प्रोग्रॅम लिहीत असाल तर सी किंवा जावामध्ये ५ भागिले ९ पूर्णांकांत केल्यास उत्तर शून्य येतं, मग सगळीच तापमानं शून्य दिसतात. पाचाच्या जागी ५.० लिहिलं की प्रश्न मिटतो.

दशांश किती ठेवायचे, हा तुमचा तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. नियम असा की रूपांतराने आकड्यात नवी अचूकता येत नाही. मूळ मोजमाप जेवढं खात्रीचं, तेवढंच उत्तर खात्रीचं. १८६८ मध्ये जर्मन डॉक्टर कार्ल वुंडरलिश यांनी असंख्य रुग्णांच्या नोंदींवरून निरोगी माणसाच्या शरीराचं सरासरी तापमान ३७ अंश सेल्सिअस असं मांडलं. त्याचं रूपांतर ९८.६ झालं आणि तोच आकडा घराघरांत पोचला. ३७ वाचताना आपण ‘साधारण सदतीस’ असं समजतो. ९८.६ वाचताना मात्र तो दशांश डोळ्यांत भरतो आणि ९८.८ दिसलं की माणूस घाबरतो. पूर्ण अंशात लिहिलेला ३७ म्हणजे ३६.५ ते ३७.५ मधलं काहीही, फॅरनहाइटमध्ये ९७.७ ते ९९.५. निरोगी माणसाचं तापमानसुद्धा दिवसभरात बदलतं, पहाटे कमी आणि संध्याकाळी जास्त असतं. ९८.६ मधला तो सहा गुणाकारातून आलाय, मोजमापातून नाही.

दुसऱ्या बाजूने, फार लवकर पूर्णांक केला तर माहिती कायमची हरवते. फॅरनहाइटचे ९ अंश सेल्सिअसच्या ५ अंशांत कोंबायचे म्हटल्यावर काही आकडे एकमेकांवर पडणारच. ७१ फॅरनहाइटचे २१.७ होतात, पूर्णांकात २२. ७२ चे होतात २२.२, पूर्णांकात पुन्हा २२. आता त्या २२ वरून मागे जा: ७१.६, म्हणजे ७२. मूळ ७१ गेलं ते गेलंच. अमेरिकेतल्या स्वयंचलित विमानतळ हवामान केंद्रांच्या अहवालात ही अडचण नीट सोडवली आहे. तिथे मुख्य भागात तापमान पूर्ण सेल्सिअस अंशात असतं, पण शेवटच्या शेऱ्यांमध्ये तेच एका दशांशापर्यंत पुन्हा दिलेलं असतं. २१.७ वरून ७१ आणि २२.२ वरून ७२ अचूक परत मिळतात. उलट दिशेला हा त्रास नाही: सेल्सिअसचा पूर्णांक फॅरनहाइटच्या पूर्णांकात नेऊन परत आणला तर तोच मिळतो, कारण फॅरनहाइटचा अंश जास्त बारीक आहे.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. पूर्ण फॅरनहाइट अंशांत दिलेलं तापमान सेल्सिअसमध्ये नेताना एक दशांश ठेवा, हिशोब पूर्ण होईपर्यंत मध्ये कुठेही पूर्णांक करू नका. मर्यादा बदलताना आणखी एक पथ्य: पूर्णांक करायचाच असेल तर आतल्या बाजूला करा. तुमचे १० अंश फॅरनहाइट म्हणजे ५.५६ अंश सेल्सिअस. जवळचा आकडा म्हणून ६ लिहिलं तर तुम्ही स्वतःला पुस्तिकेपेक्षा जास्त सूट दिली. मी ५.५ लिहीन. म्हणजे ओव्हन १४४.५ ते १५५.५ च्या दरम्यान राहायला हवा. टोकांवरून पडताळा: २९२ चे १४४.४ आणि ३१२ चे १५५.६. आपण दोन्हीकडून किंचित आत आहोत.

तुमच्या पुस्तिकेत कदाचित आणखी दोन प्रकारचे आकडे भेटतील, म्हणून तेही सांगून ठेवते. पहिला ‘दर अंशाला’ असा. पोलादाची एक मीटर लांब सळई एक अंश सेल्सिअसने तापली की साधारण १२ मायक्रोमीटर लांब होते. फॅरनहाइटचा अंश लहान, म्हणून एक अंश फॅरनहाइटने ती साधारण ६.७ मायक्रोमीटरच वाढते. इथे फॅरनहाइटवरून सेल्सिअसकडे जाताना ९ ने गुणून ५ ने भागावं लागतं, म्हणजे नेहमीच्या उलट. अंश छेदात असल्यामुळे असं होतं. मोठा अंश, म्हणून दर अंशाला वाढही मोठी, असा विचार केला की गडबड होत नाही.

दुसरा प्रकार टक्केवारीचा, आणि इथे मी जास्त काळजी घ्यायला सांगेन. एखाद्या उपकरणावर ‘अचूकता रीडिंगच्या २ टक्के’ असं लिहिलेलं असतं. १०० अंश सेल्सिअसवर ती झाली २ अंश. तेच तापमान फॅरनहाइटमध्ये २१२, त्याचे २ टक्के ४.२४ अंश फॅरनहाइट, आणि ते झाले २.३६ अंश सेल्सिअस. एकच उपकरण, एकच तापमान, आणि दोन वेगळी उत्तरं! कारण दोन्ही मोजपट्ट्यांचं शून्य माणसांनी सोयीने ठरवलेलं आहे. फॅरनहाइट यांनी १७२४ मध्ये बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला शून्य मानलं. सेल्सिअस यांनी तर १७४२ मध्ये पाणी उकळतं तिथे ० आणि गोठतं तिथे १०० धरले होते. आजची उलटी मांडणी त्यांच्या मृत्यूनंतर रूढ झाली. अशा शून्यापासून मोजलेल्या आकड्याच्या टक्क्यांना निसर्गात काही अर्थ नसतो. २० अंश सेल्सिअस हे १० अंशांच्या दुप्पट गरम नाही, फॅरनहाइटमध्ये तेच ६८ आणि ५० होतात. पटीची भाषा केल्व्हिनमध्ये करायची, कारण त्याचं शून्य खरोखरचं शून्य आहे, उणे २७३.१५ अंश सेल्सिअस. तेव्हा टक्केवारी दिसली की ती कुठल्या एककासाठी दिली आहे हे उत्पादकाच्या माहितीपत्रकात बघा, त्याच एककात तिचे अंश काढा, आणि मग ते अंश फरक म्हणून बदला.

सरासरी तापमान आधी काढून मग बदललं किंवा आधी बदलून मग काढलं तरी उत्तर तेच येतं, काळजी नको. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते माप, मात्र फरकाच्या जातीचं, त्यात ३२ येत नाहीत.

तर तुमच्या ओव्हनला १५० अंश सेल्सिअस, सूट ५.५ अंश, आणि चढण्याचा वेग दर मिनिटाला जास्तीत जास्त ५ अंश. हा शेवटचा आकडा कंट्रोलरमध्ये भरण्याआधी त्याच्या रॅम्प सेटिंगचं एकक बघून घ्या. काही कंट्रोलर वेग मिनिटाला मागतात, काही तासाला. तुमचा तासाला मागत असेल तर तिथे ३०० भरावे लागतील. ५ भरलेत तर खोलीच्या तापमानापासून दीडशेपर्यंत पोचायला ओव्हनला एका दिवसापेक्षा जास्त वेळ लागेल.